वर्षातून एकदा उघडणारी दारं

आज आपण लंडनला जाऊया. व्हिसा लागणार नाही, काळजी नको.

कल्पना अगदी साधी आहे. शहरातल्या ज्या इमारतींकडे आपण वर्षभर फक्त बाहेरून बघतो, फार तर सेल्फी काढतो, त्यांची दारं वर्षातून एकदा सगळ्यांसाठी उघडायची. तीसुद्धा फुकट. लंडनमध्ये याला ‘ओपन हाऊस’ म्हणतात. १९९२ साली व्हिक्टोरिया थॉर्नटन नावाच्या बाईंनी हे सुरू केलं, तेव्हा यादीत जेमतेम वीसेक इमारती होत्या. आज हा आकडा कित्येक शेकड्यांत आहे. आधी सप्टेंबरमधला एकच शनिवार-रविवार असायचा, आता आठवडाभराहून जास्त चालतं. न्यूयॉर्क, शिकागो, डब्लिन, मेलबर्न, बार्सिलोना, सगळ्यांनी हीच कल्पना उचलली. फ्रान्समध्ये तर १९८४ पासूनच सरकारी पातळीवर असा दिवस पाळतात.

बरं, उघडतं काय काय? काकडीसारखी दिसणारी ती काचेची इमारत, ‘गर्किन’, तिच्यासमोर तासन्‌तास रांग लागते. पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीटसाठी चक्क सोडत निघते, आपल्या म्हाडाच्या घरांसारखी. आणि नशीब म्हाडासारखंच! पण मला या यादीतली जास्त आवडणारी नावं वेगळीच आहेत. क्रॉसनेसचं जुनं सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन बघा. १८६५ चं. मैला उपसायच्या जागेवर ओतीव लोखंडाची अशी रंगीत नक्षी केलीय की आपल्याकडे देवळाच्या सभामंडपालाही कुणी इतकी करत नाही. किंवा अलेक्झांड्रा रोड. महापालिकेनं सामान्य भाडेकरूंसाठी बांधलेली काँक्रीटची वसाहत, १९७८ मध्ये पूर्ण झालेली, नीव्ह ब्राउन या वास्तुविशारदाची. आज तिला वारसा म्हणून संरक्षण आहे. तिथे राहणारे लोकच आपल्या घरात नेतात आणि सांगतात, इथे ऊन कसं येतं, गळतं कुठे. गाईड नाही, घरमालकीणबाई! हे मला फार भारी वाटतं.

आता मुख्य गोष्ट. थोडं लक्ष देऊन ऐका, कारण इथे आपला सातारा येतो.

व्हाइटहॉलवर ब्रिटनचं परराष्ट्र खातं आहे. एरवी आत पाऊल ठेवता येणार नाही. ओपन हाऊसच्या यादीत मात्र ही इमारत अनेकदा असते. तिचा एक भाग म्हणजे जुनं ‘इंडिया ऑफिस’. १८६७ पासून १९४७ पर्यंत आपल्या देशाचे निर्णय जिथे व्हायचे ती जागा. मधोमध ‘दरबार कोर्ट’ नावाचा मोठा चौक, तीन मजले कमानी, खाली लाल ग्रॅनाइटचे चकचकीत खांब. वर मंत्र्याची अंडाकृती खोली आणि तिला शेजारी शेजारी दोन दारं. का? तर सांगतात, की सारख्या मानाचे दोन संस्थानिक भेटायला आले, तर दोघांना एकाच क्षणी आत घेता यावं. आधी कोण, नंतर कोण, हा तंटाच नको. रुसवेफुगवे सांभाळायला दुसरं दार!

त्याच भागातल्या कौन्सिलच्या दालनात संगमरवरी शेकोटी आहे, रायसब्रॅक नावाच्या शिल्पकारानं कोरलेली. तिच्यावर ब्रिटानिया बसलीय आणि पूर्वेकडच्या बायका तिला संपत्ती आणून देतायत. ही शेकोटी मूळची इथली नाही. ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्यालयातली, संचालकांच्या सभागृहातली. लेडनहॉल स्ट्रीटवरचं ते मुख्यालय १८६१ मध्ये पाडायला घेतलं, आणि शेकोटी इकडे आली.

त्या मुख्यालयाचे उंबरठे आपल्या एका माणसानं झिजवलेत. रंगो बापूजी गुप्ते. १८३९ मध्ये कंपनीनं साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला हे वकील म्हणून लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, जवळजवळ १४ वर्षं, तिथेच राहिले. अर्ज केले, भाषणं केली, इंग्रजीत पुस्तिका छापल्या. मध्येच १८४७ मध्ये महाराज वारले, पुढच्या वर्षी डलहौसीनं सातारा खालसाच केला, तरी हा माणूस हटला नाही. न्याय मिळाला नाही तो नाहीच. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिलाय, मिळाला तर जरूर वाचा.

आणि लेडनहॉल स्ट्रीटवर त्या जागी आज काय आहे? लॉइड्सची इमारत. रिचर्ड रॉजर्सची, १९८६ ची, पाइप, जिने, लिफ्ट सगळं बाहेर लटकवलेली. तीसुद्धा ओपन हाऊसची जुनी लाडकी. लोक लिफ्टचे फोटो काढतात. खाली काय होतं हे कुणी विचारलं तरच कळतं. म्हणून म्हणते, जाल तर विचारा. मार्गदर्शक मंडळी बहुतेक स्वयंसेवक असतात, हौशी असतात, प्रश्न आला की खूश होतात.

माझं एक म्हणणं आहे. नुसतं दार उघडणं पुरेसं नाही. त्या शेकोटीसमोर उभं राहून ‘काय सुंदर काम आहे’ एवढंच ऐकून कुणी बाहेर पडलं, तर दार अर्धंच उघडलं. ती संपत्ती कुठून आली, हेही तिथेच सांगायला हवं.

आपल्याकडे? मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात २०२१ पासून शनिवार-रविवारी वारसा फेरी सुरू झाली. १८९३ ची इमारत, समोरच्या सीएसएमटीवाल्या स्टीव्हन्सचीच. चांगलं पाऊल आहे. पण आख्ख्या शहरानं एकाच आठवड्यात दारं उघडायची म्हटलं, तर माझी यादी गॉथिक घुमटांवर थांबणार नाही. गिरणगावातली एखादी चाळ हवी, टॉवर उठायच्या आत. गॅलरीत उभं राहून तिथल्या आजींनी सांगावं, पाणी किती वाजता यायचं आणि गणपती कुठे बसायचा.

लंडनला कुणी मित्रमैत्रीण शिकायला असेल तर हा भाग आत्ताच फॉरवर्ड करा. बुकिंग लागणाऱ्या जागा बघता बघता संपतात. आणि सप्टेंबर हुकला, तर १०, किंग हेन्रीज रोड आहेच. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारनं ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथे संग्रहालय आहे. त्याला वर्षातून एकदाची वाट बघावी लागत नाही. फक्त निघायच्या आधी वेळ तपासा.

तुमच्या गावातलं कुठलं बंद दार तुम्हाला उघडलेलं बघायचंय? व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज!