ओटचे दूध आणि आपली ज्वारी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर माझ्या आधी दोघे बोलून गेले. त्यांनी सांगितलेले खरे आहे आणि ते पुन्हा उगाळून मी तुमचा वेळ घेणार नाही. मी आज दुधावर बोलणार आहे. हे दूध गाईचे नाही, म्हशीचेही नाही. ओटचे दूध. हसा, हसा. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मीही हसलो होतो.

ओट म्हणजे काय, हे इथे पाचदहा जणांना तरी ठाऊक असेल. कृषी महाविद्यालयात चारापिकांच्या तासाला आम्हाला लसूणघास शिकवला, बरसीम शिकवला आणि त्याच ओळीत ओट शिकवला. केंट नावाची जात, रब्बीत पेरायची, पाणी द्यायचे, फुलोऱ्यावर आली की कापून जनावरापुढे टाकायची. परीक्षेत दहा मार्कांची टीप यायची. आपल्या कोरडवाहू रानात तिचा उपयोग शून्य, कारण विहिरीला पाणी असेल तर माणूस गहू-हरभरा करील, ओट कशाला करील? त्या पिकाशी माझा संबंध तिथेच संपला असे मी धरून चाललो होतो.

तो पुन्हा जुळला ठाण्याला, वागळे इस्टेटीत.

वागळे इस्टेट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, कारण प्रत्येक गावातले एखादे तरी पोर तिथे आहे. एमआयडीसीची जुनी वसाहत. एके काळी लेथ, प्रेस, औषधे, रंग असले कारखाने रांगेने. त्यातले बरेच बंद झाले, त्या जागी काचेच्या आयटी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागच्या अंगाला किसननगर, इंदिरानगर, श्रीनगर अशा दाट वस्त्या. (किसननगर हे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मी किसान वाचले. एक काना कमी आहे.) माझा पुतण्या तिथे पावडर कोटिंगच्या एका छोट्या शेडमध्ये काम करतो. दीड एकर कोरडवाहूवर दोन भाऊ जगत नाहीत म्हणून गेला. एका खोलीत नवरा-बायको आणि वर्षा-सव्वा वर्षाचे लेकरू.

मी कामासाठी मुंबईला गेलो की त्याच्याकडे उतरतो. त्या दिवशी सकाळी सूनबाई मिक्सरमध्ये काहीतरी फिरवून फडक्यातून गाळत होती. मला वाटले कुरडयांचा चीक. म्हटले, या दिवसांत कुरडया? ती म्हणाली, "नाही काका, बाळासाठी ओटचे दूध आहे. त्याला जुलाब झाले तेव्हापासून गाईचे दूध पचत नाही. पाकिटातले लिटरला दोनशेच्या वर जाते, म्हणून मी घरीच करते."

पद्धत सोपी होती. एक वाटी ओट, चार वाट्या गार पाणी, अर्धा मिनिट मिक्सर, आणि स्वच्छ फडक्यातून गाळायचे. फडके पिळायचे नाही, पाणी गरम घ्यायचे नाही आणि अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त फिरवायचे नाही. नाहीतर भेंडीसारखा बुळबुळीतपणा येतो. ओटमध्ये एक चिकट तंतुमय पदार्थ असतो, बीटा-ग्लुकान त्याचे नाव, आणि सोबत स्टार्च. दोन्ही घासले-तापवले की सुटतात. तिला हे कोणी शिकवले नव्हते, दोनदा बिघडल्यावर तिचे तिलाच कळले होते.

मी घोटभर प्यालो. बरे लागले. आणि इथे माझ्याकडून चूक झाली. मी कौतुक केले. म्हणालो, "शाबास, घरचे आहे, ताजे आहे, पाकिटापेक्षा चांगलेच." शेतीची पदवी घेतलेला काका असे म्हणाला म्हटल्यावर त्या पोरीला आणखी काय पाहिजे? तिने उरलेले एक वेळचे दूधही बंद केले आणि दिवसाला तीन बाटल्या हे पाणी सुरू केले.

दोन महिन्यांनी पुतण्याचा फोन आला. बाळाचे वजन वाढत नव्हते. डॉक्टरांनी विचारले काय पाजता, तिने सांगितले, आणि डॉक्टर तिच्यावर रागावले. रागवायला पाहिजे होते माझ्यावर.

मग मी कागद-पेन घेऊन बसलो, जे मी आधी करायला हवे होते. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात तीन ग्रॅमच्या वर प्रथिने आणि सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. ओटच्या दुधात दर लिटरला दाणा पडतो साधारण शंभर ग्रॅम. ओटमध्ये प्रथिने बारा-तेरा टक्के. म्हणजे सगळी उतरली तरी शंभर ग्रॅम दुधात एक ग्रॅमभर, आणि त्यातली काही फडक्यातल्या चोथ्यात राहणार. कॅल्शियम पाच-सहा मिलिग्रॅम. ब-१२ जीवनसत्त्व नाहीच. कारखानदार वरून कॅल्शियम घालतो, जीवनसत्त्वे घालतो, तेल घालतो. घरी यातले काहीच पडत नाही. रंग पांढरा, म्हणून आपण त्याला दूध म्हणतो.

म्हणून आधी हे ऐका, बाकीचे विसरलात तरी चालेल. वर्षाच्या आतल्या लेकराला आईच्या दुधाच्या जागी यातले काहीही पाजायचे नाही. वर्षावरच्या लेकराला दूध म्हणून याच्यावर ठेवायचे नाही. जुलाबानंतर काही दिवस दूध पचत नाही हे खरे, पण ते बहुधा तात्पुरते असते. दुधातली साखर पचवण्याची ताकद काही मोठ्या माणसांत कायमची कमी असते, त्यांनाही दही-ताक पुष्कळदा चालते, कारण विरजणाने ती साखर काही प्रमाणात आधीच खाल्लेली असते. आमच्या बाळाला डॉक्टरांनी दही, मऊ खिचडीत तूप आणि डाळ, आणि हळूहळू थोडे थोडे दूध असे सांगितले. आता ते धावते आहे, घरातली भांडी आपटते आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग हा विषय इथे आणलाच कशाला? सांगतो.

हे ओटचे दूध स्वीडनमधले. लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास त्यावर काम केले आणि १९९४ साली त्यातून ओटली ही कंपनी निघाली. त्यांची युक्ती एकच. दाण्यातल्या स्टार्चवर विकर सोडायचे. विकर म्हणजे स्टार्च तोडून साखर करणारे रसायन. भाकरीचा घास तोंडात बराच वेळ चावत राहा, गोड लागायला लागतो. तुमच्या लाळेतले विकर तेच काम करते. त्यामुळे साखर न घालता ते दूध गोड होते, आणि तापवले तरी खळ होत नाही. बाकी सगळे भिजवणे, वाटणे, गाळणे. मायबहिणींनो, गव्हाचा चीक तुम्ही असाच काढता. नाचणीचे सत्त्व असेच काढता. कोकणात नारळाचे दूध असेच काढतात.

आणि आपल्याकडे याच्याही पलीकडची गोष्ट आहे, ती म्हणजे आंबील. वेळ अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या रानात माठ भरून आंबील जाते. ज्वारीचे पीठ, ताक, मीठ, लसूण-जिरे. तिच्यात ज्वारीचे धान्य आहे आणि ताकाची प्रथिने आणि कॅल्शियमही आहे. निव्वळ पोषण मोजले तर ती आंबील सूनबाईच्या त्या पातेल्याच्या पुढे आहे. पण येळवशीला आपण ती कौतुकाने पितो आणि दुसऱ्या दिवशी पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा देतो.

मी घरी ज्वारीचे करून पाहिले. तीन वेळा बिघडले. कारण ओटचे पाकीट जे येते ते कारखान्यातच वाफवून चपटे केलेले असते, कच्चे नसते. आपली ज्वारी कच्ची. तिचा स्टार्च शिजायलाही उष्णता जास्त लागते. नुसती वाटून गाळली तर कच्चट लागते आणि खाली पांढरा थर बसतो. उकळली तर खळ होते, पोस्टर चिकटवायला उत्तम.

चौथ्यांदा जमले ते असे. एक वाटी ज्वारी धुऊन रात्रभर भिजवली, पाणी टाकून दिले, नव्या पाण्यात बारीक वाटली आणि गाळली. सगळे मिळून दहा वाट्या पाणी. मंद आचेवर सतत ढवळत चांगली उकळी आणली. घट्ट झाली. पातेले उतरवून पाच-सात मिनिटे थांबलो आणि मग त्यात एक लहान चमचा मोडाच्या गव्हाचे पीठ घालून ढवळत राहिलो. दहा मिनिटांत ती खळ डोळ्यांदेखत पातळ झाली. पुन्हा एक उकळी, किंचित मीठ, झाले. सौम्य गोड लागते. वर्णनच करायचे तर हुरड्याची आठवण येईल इतपत.

मोडाच्या पिठाची ही युक्ती माझी नाही. बडोद्याच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर काम झाले आहे, लेकरांची घट्ट पेज पाणी न वाढवता पातळ करण्यासाठी. गहू रात्रभर भिजवायचा, ओल्या फडक्यात दोन दिवस ठेवायचा, वाळवायचा, मोड चोळून काढायचे, दळायचा. कडक भाजू नका, भाजले की विकर मरते. उकळत्यात घातले तरी मरते, म्हणून ते पाच-सात मिनिटे थांबणे.

इथे एक धोका आहे. मोड गव्हाचे किंवा नाचणीचे घ्या, ज्वारीचे घेऊ नका. कोवळ्या ज्वारीने जनावर दगावलेले तुम्ही पाहिले आहे. तेच विष तयार करणारे द्रव्य ज्वारीच्या कोंबातही असते. कोंब पूर्ण काढून, वाळवून, शिजवून ज्वारीचे माल्ट करणारे लोक आहेत, पण प्रत्येक घरात तेवढी काळजी घेतली जाईल याची मला खात्री नाही. आणि पावसात सापडलेली काळी पडलेली खरिपाची ज्वारी यासाठी वापरू नका. बुरशी गाळून जात नाही.

कपाशीवाले म्हणतील, आमचे काय? तर सरकीचेही दूध होते. तमिळनाडूत मदुराईकडे परुत्ति पाल म्हणून रस्त्यावर गाडीवर विकतात. सरकी भिजवून, वाटून, गाळून, गूळ-सुंठ-वेलची घालून शिजवतात. पण सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. टेक्सासच्या विद्यापीठात कीर्ती राठोड या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी सरकीत ते अगदी कमी असणारी कपाशी काढली, अमेरिकेत २०१८ आणि २०१९ मध्ये तिला परवानग्याही मिळाल्या. ती आपल्या शेतात नाही. त्यामुळे माझे मत विचाराल तर घरी हा उद्योग करू नका. आणि बियाण्याच्या पाकिटात उरलेली रंगवलेली सरकी तर औषध चोळलेली असते. ती ना माणसाच्या पोटात जाता कामा नये, ना जनावराच्या.

प्रथिने हवी असतील तर सोयाबीन जवळ आहे. शंभर ग्रॅम सोयाबीनच्या लिटरभर दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या आसपास जातात. पण ते चांगले वीस मिनिटे उकळावे लागते, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे द्रव्य असते. वास सगळ्यांना आवडत नाही. मला नाही आवडत.

आता हिशेब. २०२४-२५ सालासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये होता. एका लिटरला शंभर ग्रॅम. म्हणजे लिटरभर 'दुधात' आपली ज्वारी पडली तीन रुपये बेचाळीस पैशांची, तीही हमीभाव मिळाला तर. दोनशे रुपयांच्या पाकिटात दाण्याचा वाटा तेवढ्याच जातीचा असतो. बाकीचे पैसे गाळण्याचे, निर्जंतुक करण्याचे, पाकिटाचे, जाहिरातीचे आणि दुकानाच्या थंड फळीचे. म्हणून कोणी उठून तुम्हाला सांगेल की ज्वारीचे दूध निघाले, आता ज्वारीला सोन्याचा भाव, तर त्याला हा हिशेब विचारा. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आपण भाषणे ऐकली, आणि ज्वारीच्या रानात सोयाबीन तसेच उभे राहिले. दाण्याला मागणी वाढल्याशिवाय भाव वाढत नाही, आणि दर लिटरला शंभर ग्रॅमने मागणी किती वाढणार ते तुम्हीच मोजा. भाकरी एका जेवणाला त्याच्यापेक्षा जास्त ज्वारी खाते.

तरीही काही बचत गटांच्या बाया मला विचारतात की आम्ही हे करून विकू का. विका. पण तीन गोष्टी पाहा. घरी केलेले हे पेय फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि बाहेर उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते. अन्न परवान्याची नोंदणी करावी लागते. आणि पाकिटावर 'दूध' लिहिता येणार नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये वनस्पतींपासून केलेल्या पेयांना दूध म्हणायला मनाई केली आहे, नारळाच्या दुधासारखे जुने अपवाद सोडून. मला तर तो नियम ठीक वाटतो. आमच्या सूनबाईला त्या एका शब्दानेच फसवले.

माझा विचाराल तर मी मोडाच्या पिठाची पाकिटे विकीन. वाळलेले असते, टिकते, हलके असते, आणि ठाण्या-कल्याणात गावची माणसे आहेत त्यांच्या घरापर्यंत एसटीने जाते. ज्वारीचे पीठ आणि त्यासोबत चमचाभर मोडाच्या पिठाची पुडी. सूनबाईने मागच्या महिन्यात तिच्या चाळीत चार घरांना अशी दिली. दोन घरांनी पुन्हा मागितली, एका घरी खळच झाली कारण त्यांनी पुडी उकळत्यात टाकली, आणि चौथ्या घराने काही सांगितलेच नाही.

बाहेर मंडपात तीन पातेली झाकून ठेवली आहेत. एकात ओट आहे, एकात ज्वारी, एकात आंबील. मी मुद्दाम नावे लावलेली नाहीत. फुलपात्री कमी आहेत, तेव्हा आधी बायांना घेऊ द्या, आणि चव सांगताना माझ्या तोंडाकडे बघून सांगू नका.