शाळेतले टपाल


हिंगोली निजामाच्या राज्यात होती तेव्हा येथे त्या राज्याचे स्वतःचे टपाल चाले. १९५० साली ते भारतीय टपालात विलीन झाले. १९७२ साली पिनकोड आला, हिंगोलीचा ४३१५१३. असेच छोटे टपाल प्राथमिक शाळेत मुलांनीच चालवावे, अशी माझी सूचना आहे. वर्गाला पिन, खोक्याची पेटी, मधल्या सुट्टीत वाटप. पण पोस्टमन हुशार मुलाला करू नका. वाचताना जो अडखळतो, त्याच्याच खांद्याला पिशवी अडकवा. पत्ता वाचल्यावाचून त्याची सुटका नाही.

घरी दखनी, शाळेत मराठी, या ओढाताणीत आपली कितीतरी मुले लिहायला बिचकतात. म्हणून गुरुजींनी पत्रे फोडून शुद्धलेखन तपासू नये. (हा मोह आवरत नाही, मीही शिक्षक होतो!) चुकांनी भरलेले पत्रही ज्याचे त्याला, बंदच पोचले पाहिजे.