भाताच्या खाचरांतील सायकल-शर्यत

मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे स्पर्धक खोपोली सोडून बोरघाट चढू लागतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला ताटकळत उभ्या राहिलेल्या आपल्या कर्जत-खालापूरच्या मंडळींना त्यांचे दर्शन क्षणभरच घडते. घाटमाथा प्रथम गाठणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, आणि तो सर्वथा योग्यच आहे. परंतु सर्वांत मागे राहिलेल्याच्या परिश्रमांना साक्षीदार उरत नाही, आणि जो मुलगा आजवर कोणत्याच शर्यतीत उतरला नाही, त्याला अशा ओझरत्या दर्शनाने धीर येत नाही.

म्हणून मी आज सायक्लोक्रॉस या सायकल-शर्यतीच्या प्रकाराची शिफारस करीत आहे. फ्रान्समध्ये १९०२ साली त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९१० साली ‘टूर द फ्रान्स’ जिंकणाऱ्या ओक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचे श्रेय हिवाळ्यातील याच सरावाला दिले. शेत, चिखल, चढ-उतार यांतून आखलेल्या अडीच-तीन किलोमीटरांच्या वर्तुळाकार मार्गावर ठरावीक वेळेपर्यंत फेऱ्या मारायच्या, आणि आडवा अडथळा आला की खाली उतरून, सायकल उचलून धावायचे, असे या शर्यतीचे स्वरूप असते. मार्ग आखूड असल्यामुळे शेवटचा स्पर्धकही पुनःपुन्हा प्रेक्षकांसमोरून जातो. नवख्याला टिकवून धरणारे याहून मोठे साधन मला ठाऊक नाही.

कर्जतच्या भिसेगावपासून थोडे बाहेर पडले, की भातकापणीनंतर अशी भूमी आयतीच समोर येते. खाचरांचे बांध हेच अडथळे, आणि शाळेच्या वाटेवर ओहोळ लागला तर सायकल उचलून पलीकडे नेण्याची सवय आपल्या मुलांना आहेच. तथापि कापणी झाली म्हणजे शेत मोकळे झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. खाचरांत राहिलेल्या ओलीवर वाल पेरला जातो, आणि राजनाला कालव्याचे पाणी पोहोचते तेथे उन्हाळी भाताची तयारी सुरू होते. तेव्हा यंदा पडीक राहणारी खाचरे कोणती, हे गावातील जाणत्या शेतकऱ्याकडूनच समजून घ्यावे. सातबाऱ्यावर सामाईक खातेदार असतील, तर प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, वहिवाटीची वाट अडवू नये, आणि बांध ढासळलाच तर त्याच दिवशी तो बांधून देण्याची तजवीज आधी करावी. शेतकऱ्याचे मन एकदा दुखावले, की दुसऱ्या वर्षी शर्यत होणार नाही.

आरंभी विशेष सायकलींची मुळीच आवश्यकता नाही. घरच्या सायकलीचे कॅरियर, स्टँड व मडगार्ड काढावे, ब्रेक तपासावेत, टायरमधील हवा किंचित कमी ठेवावी. मात्र शिरस्त्राणाविना कोणालाही मार्गावर सोडू नये. मुलांसाठी एक किलोमीटरची फेरी आणि वीस मिनिटांची मुदत पुरेशी आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अडथळ्याची उंची चाळीस सेंटिमीटरांपर्यंत असते. आपण तिच्या निम्म्यावर थांबावे. शिवाय तेथे फार मागे पडलेल्याला मार्गाबाहेर काढण्याचा जो दंडक आहे, तो आपण कटाक्षाने टाळावा आणि प्रत्येकाच्या पूर्ण झालेल्या फेऱ्या मोजून निकालपत्रात त्याचे नाव लिहावे. ज्या मुलाचे नाव कागदावर येते, तो पुढच्या वेळी धाकट्या भावाला घेऊन येतो.

मुलींविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये सुरू झाली, स्त्रियांची मात्र २००० साली. अर्धशतकाचा हा अन्याय आपल्याकडे घडू नये. मुलींची शर्यत त्याच दिवशी, त्याच मार्गावर आणि तेवढ्याच पारितोषिकाची ठेवावी, आणि ती भल्या पहाटे नव्हे, तर प्रेक्षकांची गर्दी असताना व्हावी.

कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाला आगाऊ वर्दी द्यावी आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्यांना आमंत्रण पाठवावे. मोठ्या देणगीदाराची वाट पाहू नये. सुतळी, बांबू, चुना, एक घड्याळ आणि फेऱ्या मोजणारे दोन विश्वासू इसम एवढ्या सामग्रीवर पहिली शर्यत पार पडते. भात खळ्यावर आले, की आपल्या वाडीतील शेतकऱ्याला व शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, आणि पौष उजाडण्यापूर्वी एक रविवार निश्चित करा.