हीथ्रोवरील तपासणी आणि स्थलांतरित स्त्रीचा सन्मान
(भाषणाचा मजकूर)



२४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका गृहस्थाशी तिचा विवाह ठरला होता. त्या वेळच्या नियमांप्रमाणे नियोजित वधूला आगाऊ प्रवेशपत्राची गरज नव्हती. तीन महिन्यांत विवाह करावयाचा, एवढेच बंधन होते. विवाहित स्त्रीला मात्र पतीकडे जाण्यासाठी भारतातील ब्रिटिश कचेरीकडून प्रवेशपत्र मिळवावे लागे, आणि त्यासाठी महिनोन् महिने तिष्ठावे लागे. ही स्त्री आधीच विवाहित असून रांग चुकवून आली आहे, असा अधिकाऱ्यांना संशय आला. स्त्री डॉक्टर मिळावी ही तिची विनंती फेटाळण्यात आली. एका पुरुष डॉक्टरने ती कुमारिका आहे की नाही, याची शारीरिक तपासणी केली.

तिने संमतिपत्रावर सही केली होती, हे खरे. पण नकार दिल्यास परत पाठवतील, या भीतीने ती केली होती. परका देश, पाठीमागे अधिकारी, पुढ्यात डॉक्टर, आणि इथली रीत हीच असेल काय, हे विचारायला जवळ कोणी नाही. अशा सहीला संमती म्हणणे म्हणजे गिरणीच्या फाटकावर उपाशी कामगाराने मान्य केलेल्या मजुरीला स्वेच्छेचा करार म्हणण्यासारखे आहे. भांडवली कायद्याला दोन्ही ठिकाणी फक्त सही दिसते.

१९७१ च्या ब्रिटिश इमिग्रेशन कायद्याने वैद्यकीय निरीक्षकांना प्रवाशांची तपासणी करण्याचा अधिकार दिला. येथे रोगाचा शोध कोणी घेत नव्हते. डॉक्टर नोकरशाहीच्या हातचा पोलिस झाला होता. शिवाय त्या तपासणीला शास्त्राचा आधारही नाही. अशा तपासणीवरून स्त्रीच्या लैंगिक पूर्वायुष्याविषयी काहीही सिद्ध होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्य दोन संस्थांसह २०१८ मध्ये स्पष्टपणे जाहीर केले. आणि अविवाहित हिंदी स्त्री ही कुमारिकाच असली पाहिजे, हे गृहीतक तरी कोठले? आपल्याच सरंजामी समाजाचे! साम्राज्यशाहीला ते आयतेच मिळाले. राणीच्या सरकारला मनुस्मृतीची अशी सोयीस्कर आठवण व्हावी, हा काही योगायोग नव्हे. एखाद्या गोऱ्या अमेरिकन वधूला अशा तपासणीस सामोरे जावे लागल्याचे ऐकिवात नाही.

१ फेब्रुवारी १९७९ रोजी ‘द गार्डियन’ने हे प्रकरण उघडकीस आणले. सत्तेवर मजूर पक्षाचे सरकार होते, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. गृहमंत्री मर्लिन रीस यांना ही पद्धत तातडीने थांबवावी लागली. भारतात संतापाची लाट उसळली आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या सरकारने निषेध नोंदविला. ब्रिटनमधील आशियाई व आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया ‘आवाज’सारख्या संघटनांच्या झेंड्याखाली थेट हीथ्रोवर निदर्शने करण्यास गेल्या. दोन-अडीच वर्षांपूर्वीच ग्रनविकच्या संपात जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकारी कामगार स्त्रियांनी दाखविलेल्या जिद्दीची आठवण तेव्हा ताजी होती.

असले प्रकार अपवादात्मक असल्याचे त्या वेळी भासविण्यात आले. वांशिक समता आयोगाने चौकशी हाती घेतली, तेव्हा तिला गृहखात्याने न्यायालयात आव्हान दिले. आयोगाचा अहवाल १९८५ साली बाहेर आला. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी ब्रिटिश सरकारी दप्तरांतून दाखवून दिले की, भारतीय उपखंडातील किमान ८० स्त्रियांची अशी तपासणी झाली होती, आणि त्यांपैकी बहुतेकींची ब्रिटनच्या भूमीवर नव्हे, तर इकडच्या ब्रिटिश कचेऱ्यांमार्फत! हीथ्रोवरील शिक्षिकेच्या पदरात ५०० पौंड टाकण्यात आले होते. कौमार्य चाचणी हा ब्रिटनमध्ये गुन्हा ठरला तो २०२२ च्या कायद्याने.

परक्यांचा धिक्कार करताना स्वतःच्या अंगणाकडे पाठ फिरवता येणार नाही. बलात्कारपीडितेवर करण्यात येणारी ‘दोन बोटांची’ चाचणी तिच्या खाजगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करते, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. तरीही २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला तिची पुन्हा कडक शब्दांत निर्भर्त्सना करावी लागली. महाराष्ट्रात कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी जातपंचायतीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध बहिष्कार सोसून आवाज उठविला, तो याच लढ्याचा भाग आहे.

आज ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहण्यासाठी जाणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला द्यावा लागतो. आखाती देशांत घरकामासाठी जाणाऱ्या कष्टकरी स्त्रियांच्या वाट्याला गर्भचाचणीही येते. क्षयरोग रोखण्यासाठी छातीचा एक्स-रे काढण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण एक्स-रेसाठी वस्त्रे उतरवावी लागत असतील, तर आडोसा आणि अंगभर झगा मिळालाच पाहिजे. मागणी करताच स्त्री डॉक्टर, ती नसेल तर सोबत परिचारिका किंवा स्वतःची नातेवाईक; कोणती तपासणी व कशासाठी, हे तपासणीपूर्वी तिच्या मातृभाषेत समजावून सांगणे; आणि एखाद्या तपासणीस नकार दिल्यास अर्ज आपोआप फेटाळला न जाता तक्रारीची दाद लावणारी यंत्रणा, या मागण्या महिला संघटनांनी व कामगार संघटनांनी परराष्ट्र मंत्रालयापुढे आणि भारतातील परदेशी वकिलातींपुढे एकत्रितपणे मांडल्या पाहिजेत. तपासणीची फी बहुधा या स्त्रियाच भरतात. निदान पैसे मोजून अपमान विकत घेण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये.