शेजारच्या सामन्याची पाळी

वेळ थोडा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधली पॅक-12 ही कॉन्फरन्स फुटली. यूएससी आणि यूसीएलए 2024 मध्ये बिग टेनमध्ये गेल्या. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावरून उठून एसीसीत जाऊन बसल्या. कुणाला टीव्हीचे किती पैसे मिळाले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. त्या वाटण्यांशी मला भांडायचं नाही. माझं म्हणणं एकच आहे, आणि आज मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे: कॉन्फरन्स खुशाल बदला, पण शेजाऱ्याबरोबरचा सामना आधी लेखी बांधून ठेवा आणि मगच निघा.

आपल्याकडे भावाभावांत शेताची वाटणी होते. बांध पडतात, चुली वेगळ्या होतात. पण विहीर एकच असेल तर तिचे तुकडे करता येत नाहीत. मग वाटणीपत्रात पाण्याची पाळी लिहितात. इतके दिवस थोरल्याचे, इतके धाकट्याचे. विजेचं बिल आणि गाळ काढायचा खर्च निम्मानिम्मा. दोघांत बोलणं नसलं तरी पाळी चालते, कारण ती चुकली की दोघांचाही ऊस वाळतो. कॉलेज फुटबॉलमध्ये ही पाळी आयतीच आहे: एक वर्ष तुमच्या मैदानावर, एक वर्ष आमच्या. पण बहुतेक ठिकाणी ती कॉन्फरन्सच्या वेळापत्रकातच असते. संघ बाहेर पडला की पाळीही गेली.

ओक्लाहोमाचं बघा. ओक्लाहोमा विद्यापीठाचं नॉर्मन आणि ओक्लाहोमा स्टेटचं स्टिलवॉटर या दोन गावांत गाडीने दीडएक तासाचं अंतर. 1904 साली गथ्रीला या दोन कॉलेजांचा पहिला सामना झाला, तेव्हा लाथेने उडवलेला चेंडू वाऱ्याने मागे येऊन थंडगार ओढ्यात पडला आणि त्याच्यामागे खेळाडूही पाण्यात उतरले, असं सांगतात. 1910 पासून 2023 पर्यंत बेडलम नावाचा हा सामना दरवर्षी झाला. दोन महायुद्धं आली-गेली, सामना झाला. मग ओक्लाहोमा एसईसीत गेली, ओक्लाहोमा स्टेट बिग 12 मध्ये राहिली, आणि 2024 ला सामना नाही. महायुद्धांना जे जमलं नाही ते एका सभासदत्वाने केलं. मला याचा राग येतो, आणि तुम्हालाही यावा.

टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचंही तेच झालं होतं. 2011 नंतर सामना बंद, तो थेट नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा झाला. मधल्या बारा हंगामांत आपल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी ऑस्टिनला, कॉलेज स्टेशनला शिक्षण घेतलं आणि तो सामना न बघताच ती पदवी घेऊन गेली. तो परत आला, कारण ए अँड एमच्या मागून टेक्सासही एसईसीत आली. म्हणजे योगायोगाने आला. विहिरीचं पाणी असं योगायोगावर सोडायचं असतं का?

कुणी म्हणेल, कॉन्फरन्स वेगळी झाली की हे होणारच. होणारच असं मुळीच नाही. जॉर्जिया टेक 1964 मध्ये एसईसीतून बाहेर पडली, साउथ कॅरोलायनाने 1971 मध्ये एसीसी सोडली. तरी जॉर्जियाबरोबरचा आणि क्लेम्सनबरोबरचा त्यांचा सामना चालू राहिला. 2020 च्या साथीचं वर्ष सोडा, आजही हंगामाच्या अखेरीस तो ठरलेला असतो. आर्मी आणि नेव्ही 2024 पासून एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत, तरी त्यांचा सामना कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरत नाहीत. सभासदत्व वेगळं आणि पाळी वेगळी, हे त्यांनी नीट ओळखलंय.

दुसरी सबब जागेची. सामने बारा; बिग टेनमध्ये, बिग 12 मध्ये त्यांतले नऊ कॉन्फरन्सचे, आणि एसईसीतही 2026 पासून नऊ. उरले तीन. त्यांत पैसे देऊन छोट्या कॉलेजला बोलावतात, कारण घरच्या मैदानावरच्या सामन्याची तिकिटं विकली जातात. त्या छोट्या कॉलेजलाही तो पैसा लागतो, मी त्याला नको म्हणत नाही. दोन जागा तिकडे द्या. एक शेजाऱ्याला द्या. एसईसीच्या नव्या वेळापत्रकात प्रत्येक संघाला दरवर्षीचे तीन प्रतिस्पर्धी आहेतच. म्हणजे घरातल्या घरात पाळी मान्य आहे. मग बांधापलीकडे का नको?

पुन्हा सांगते, कारण हे निसटायला नको: बाहेर पडणाऱ्याने निघण्यापूर्वी सही करायची. नंतर विनवण्या करून काही होत नाही, तोवर पुढच्या कित्येक वर्षांचे सामने ठरून गेलेले असतात.

सिएटलच्या श्रोत्यांनी विशेष ऐकावं. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी अॅपल कप टिकवला, त्याबद्दल दोघांचं कौतुक. पण थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातून तो सप्टेंबरात आला, आणि करार 2028 पर्यंतचाच आहे. एवढ्याने भागणार नाही. पंचवीस वर्षांचा करा, पन्नास वर्षांचा करा. तुमच्यापैकी जे तिथले माजी विद्यार्थी आहेत, वर्गणी देतात, त्यांनी क्रीडा संचालकांना या वर्षीच पत्र लिहावं, 2028 ची वाट बघू नये.

व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींबद्दलही बोलायचं होतं. फुटबॉलच्या पैशासाठी त्यांनी लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीपर्यंत का उडायचं, त्यांचे संघ जुन्या प्रादेशिक कॉन्फरन्समध्ये परत का नेऊ नयेत... पण समोरचा लाल दिवा लागलाय. ते पुढच्या वेळी. पत्र मात्र लिहा.