पाणी गार, तर माशाची भूक गार

भाकरी-भाजी आटोपून, नाहीतर बांधीवरून येऊन तुम्ही रेडिओजवळ बसल्या असाल. आज आपण बोडीतल्या माशांच्या पोटाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. ज्या गटांनी बोडी नाहीतर तलाव घेऊन मासे सोडलेत, त्यांचा बराचसा पैसा माशाच्या पोटातूनच जातो. तो अंगी लागतो की चिखलात जातो, हे पुष्कळदा पाण्याच्या तापमानावर ठरतं.

आधी आमचीच चूक सांगतो. आमच्या गटानं गावातली एक बोडी घेतली आणि रोवणी आटोपल्यावर रोहू, कटला आणि मृगळाची बोटुकली सोडली. पोळा, दिवाळी, मंडई होईपर्यंत मासे छान वाढले. जाळं टाकून अंदाज घेतला, तेव्हा बोडीत साधारण दोनशे किलो मासा होता. आम्ही रोज चार किलो खाद्य टाकत होतो, निम्मा धानाचा कोंडा आणि निम्मी ढेप. मिश्रण किलोला तीस रुपये पडत होतं. मग थंडी पडली. आम्ही स्वेटर घातले, शेकोट्या पेटवल्या, पण माशाचं खाद्य तेवढंच ठेवलं. उलट एकमेकींना म्हणालो, थंडीत जास्त भूक लागते, कमी कशाला करायचं?

संक्रांत झाली. फेब्रुवारीत दोन दिवस आभाळ आलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून वाकडेतिकडे फिरताना दिसले. दुपारपर्यंत चाळीस किलोच्या वर मासा उलटा झाला. बोडीत उतरून पाहिलं, तर तळाला पाय रुतत होता आणि काळ्या चिखलाला आंबलेल्या ढेपेचा वास येत होता. दोन महिने रोजचं निम्मं खाद्य वाया गेलं असं धरलं, तरी एकशे वीस किलो होतं, म्हणजे छत्तीसशे रुपये. वर मेलेला मासा, आणि बँकेचा हप्ता उभाच. पारावर बोलणं सुरू झालं, "बायांना मासे कुठे कळतात?" ते जास्त लागलं.

मग आम्ही शिकायला लागलो. तालुक्याला प्रशिक्षणाला गेलो, जुन्या ढिवर मंडळींना विचारलं, आणि वर्षभर वहीत लिहून काढलं. त्यातून कळलं ते असं.

आपलं शरीर थंडीत काय, उन्हाळ्यात काय, ३७ अंशांच्या आसपासच राहतं. माशाचं तसं नाही. पाणी जितकं गरम, तितकाच मासा गरम. पोटात अन्न पचवणारे रस असतात, त्यांचं काम उबेवर चालतं. पाणी दहा अंशांनी उतरलं, की पचनाचा वेग साधारण निम्म्यावर येतो. चुलीचंच बघा. जाळ चांगला असला तर लाकूड सरकवत जावं. जाळ मंद असताना लाकडं कोंबली, तर भात शिजत नाही, घरभर धूर होतो. आम्ही थंडीभर लाकडं कोंबत होतो.

आणखी एक गोष्ट. रोहू-कटल्याला आपल्यासारखी जठराची पिशवी नसते, नुसती लांब आतडी असते. मरळीसारखं एकदाच भरपूर गिळून ठेवणं त्यांना जमत नाही. म्हणून त्यांना थोडं-थोडं, दिवसातून दोनदा द्यावं. एकाच वेळी ओतलेलं खाद्य त्यांच्या तोंडात कमी आणि तळाला जास्त जातं.

आता कोणत्या पाण्यात किती द्यायचं? २५ ते ३२ अंश पाणी या माशांना मानवतं. तेव्हा शंभर किलो माशाला दोन ते तीन किलो खाद्य पुरतं. २० अंशांच्या जवळ आलं, की एक किलो किंवा त्याहून कमी द्यायचं, आणि तेही दुपारी, ऊन तापल्यावर. १५-१६ च्या खाली गेलं, तर खाद्य बंद. मासा मरत नाही, तो थंडीत हळूहळू जगतो. पाणी तापलं की भूक परत येते.

आपल्या बोड्या उथळ. खोल तलावाचं पाणी हळू तापतं, हळू निवतं. बोडी मात्र लवकर तापते, लवकर निवते. म्हणून शेजारच्या मोठ्या तलावावर काय चालतं ते पाहून आपल्या बोडीचं ठरवू नका. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, या सगळ्या भागात मालगुजारांच्या काळचे तलाव आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला बोड्याही आहेत. प्रत्येक पाण्याचा स्वभाव निराळा.

उन्हाळ्यात उलटी गंमत. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. बोडी आटते, पाणी ३५ च्या वर जातं. पचन जोरात असेल तर खूप खाऊ घालावं, असं वाटतं ना? इथेच फसायला होतं. अन्न पचवायला माशाला प्राणवायू लागतो, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण नऊ मिलीग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. रात्री झाडं-शेवाळही तो वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. अशा वेळी पोट भरलेला मासा गुदमरतो. मोहफुलं वेचायला आपण पहाटे जातो, पण खाद्य पहाटे टाकू नका. ऊन वर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास टाका, आणि संध्याकाळी उशिरा तर अजिबात नको. तेंदूपत्त्याच्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणा. आभाळ आलं किंवा मासे वर तोंड काढत असले, तर त्या दिवशी उपवास.

मोजायचं कसं? पहिल्यांदा आम्ही ताप पाहायचा थर्मामीटर घेऊन गेलो. तो ३५ च्या खाली दाखवतच नाही, त्यामुळे हसूच झालं. साधा काचेचा, शून्यापासून मोजणारा थर्मामीटर घ्या. दोरी बांधून हातभर खोल सोडा, पाच मिनिटं थांबा, मग वाचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. गटातली शिकलेली पोरगी असेल तर वही तिच्याकडे द्या.

थर्मामीटर नसेल तर ताटावर विश्वास ठेवा. जुन्या टोपलीत नाहीतर ताटात थोडं खाद्य ठेवून बांबूला बांधून पाण्यात सोडा. दोन तासांनी उचला. ताट स्वच्छ असेल तर उद्या तेवढंच द्या. उरलं असेल तर उद्या कमी करा. आमच्या गटातली एक आजी म्हणते, "बाळ जेवलं की नाही, हे आईला ताट पाहून कळते, माशाचं वेगळं काय?" खरंच वेगळं नाही.

पुढच्या थंडीत आम्ही चारऐवजी दोन किलोवर आलो, सकाळी धुकं असेल त्या दिवशी काहीच टाकलं नाही. फेब्रुवारीत तळाचा चिखल काळा झाला नाही, एकही मासा उलटा झाला नाही. मासे काढले तेव्हा हप्ता फिटला आणि गटाच्या पेटीत थोडं राहिलं. पारावरचं बोलणं थांबलं असं नाही, पण आता त्यातले दोघे जण आमची वही पाहायला येतात.

एक शेवटचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात जंगलातल्या पाण्यातल्या माशांवरही गावाचा सामूहिक हक्क सांगितला आहे. तलावाची गोष्ट ग्रामसभेत निघेल तेव्हा आपण बसायचं आणि बोलायचं. बोलताना हातात वही असली की कोणी सहज उडवून लावत नाही.

तर या आठवड्याचं काम एवढंच. बोडीवर जा, सकाळी आणि दुपारी पाणी मोजा, ताट सोडा, आणि लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत वही घेऊन या, मिळून वाचू. येतो आम्ही. नमस्कार, जोहार.