टाळकरी, पखवाजी आणि संगणकाचा उशीर

टोकावडे गावातल्या देवळात भजन रंगतं तेव्हा पखवाजी आणि कडेचा टाळकरी यांच्यात तीन मीटर अंतर सहज असतं. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. त्या टाळकऱ्याला थाप नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते, तरी ठेका सुटत नाही. घरच्या संगणकावर भजन किंवा बेंजोची गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या मुलांनी हा हिशोब पाठ करावा.

संगणक आवाज तुकड्या-तुकड्यांनी हाताळतो. या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला 48,000 नमुने घेताना 1024 नमुन्यांचा बफर ठेवला, तर आत येताना एकवीस आणि बाहेर पडताना एकवीस मिलिसेकंद जातात. हेडफोन लावलेल्या गायकाला स्वतःचाच आवाज जणू चौदा मीटरवरून येतो, आणि तो लय ओढू लागतो. बफर 128 केला की हा उशीर पाचेक मिलिसेकंदांवर येतो. पण तेवढ्या घाईत काम उरकणं ड्रायव्हरला, म्हणजे आवाजाचं यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जमलं पाहिजे. नाही जमलं, तर आवाज तडतडतो.

विंडोजमध्ये आवाजाचा नेहमीचा रस्ता सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून जात असे आणि तिथेच वेळ जाई. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने 1997 मध्ये आसिओ हा ड्रायव्हरचा प्रकार आणून तो रस्ता टाळला. पुढे 2007 साली विंडोज व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने वासापी हा स्वतःचा नवा रस्ता दिला, तरी स्टुडिओंत आजही आसिओच चालतं. आसिओ-फोर-ऑल हे सॉफ्टवेअर खऱ्या आसिओ ड्रायव्हरची जागा घेत नाही. ते विंडोजच्याच ड्रायव्हरवर बसतं. इंटरफेसच्या, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या, कंपनीचा ड्रायव्हर असेल, तर आधी तोच टाका.

मॅकवर कोअर ऑडिओ ही आवाजाची व्यवस्था प्रणालीतच आहे. एकाच वेळी अनेक प्रोग्राम आवाज वापरतात, दोन इंटरफेस जोडून एक करता येतात. काम निर्धोक, अडचण एकच: किंमत.

माझा जीव मात्र लिनक्सवर आहे, आणि तो का ते सांगतो. यारोस्लाव्ह किसेला यांनी 1998 मध्ये अल्सा हे लिनक्सच्या ध्वनी-ड्रायव्हरांचं काम सुरू केलं. आर्डर हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या पॉल डेव्हिस यांनी जॅक घडवलं. त्याने एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात हवा तसा नेता येऊ लागला. शिकायला मात्र ते किचकट होतं. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने हे खूप सोपं केलं, त्याची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2023 मध्ये आली. पुढच्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे 6.12 कर्नलमध्ये, रिअल-टाइमची, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकण्याची, सोय मुळातच आली. हे सगळं फुकट, आणि जुन्या लॅपटॉपवरही चालणारं. यूएसबीच्या ठरलेल्या नियमांनी बनलेला इंटरफेस वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालू होतो. काही कंपन्यांचं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर मात्र लिनक्सवर मिळत नाही, म्हणून विकत घेण्याआधी चौकशी करा.

प्रणाली कुठलीही असो, ध्वनिमुद्रणाआधी वाय-फाय बंद करा आणि वीज वाचवण्याची सेटिंग काढा. तडतडीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. गाताना बफर 128 ठेवा. मिक्सिंगला बसलात की खुशाल 1024 करा, तेव्हा माइकसमोर कुणी गात नसतं.